घरच्या घरी पाण्याखालचं यंत्र: नागपुरात पहिली आरओव्ही कशी बांधायची

नागपूरपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटरहून लांब. त्यामुळे इथे कुणी पाण्याखाली चालणारं यंत्र बांधतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चालवशील कुठे?" जागा भरपूर आहेत. काटोल-कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागांतल्या विहिरी आहेत, प्लास्टिक अंथरलेली शेततळी आहेत, सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्या आहेत. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या नळीच्या तळाशी असलेली झडप) गाळात रुतलाय का, त्याची जाळी फाटलीय का, शेततळ्याचा कागद कुठे निघालाय, हे बघायला अजूनही माणूस उतरवतात. तिथे आधी कॅमेरा उतरवता आला तर बरंच काम वाचतं, आणि जीवही.

आरओव्ही म्हणजे काठावर बसून केबलने चालवायचं, पाण्याखाली जाणारं यंत्र. आत माणूस नसतो. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेची 'रोसब ६०००' ही आरओव्ही २०१० मध्ये हिंदी महासागरात ५,२८९ मीटर खोल गेली होती. आपल्याला पाच मीटर पुरे. अमेरिकेत एमआयटीच्या सी ग्रँट विभागाने २००३ पासून 'सीपर्च' नावाने शाळकरी मुलांकडून अशी यंत्रं बांधून घ्यायला सुरुवात केली. प्लंबिंगचा पाइप, तीन छोट्या मोटारी, नेटवर्कची केबल आणि काठावर १२ व्होल्टची बॅटरी एवढाच तो मामला. खाली सांगितलेलं यंत्र त्याच घराण्यातलं आहे, फक्त सामान नागपुरात मिळेल असं आणि इथलं ऊन सोसेल असं धरलंय.

एक गोष्ट आधीच सांगतो. पहिल्या यंत्रात कुठलाही इलेक्ट्रॉनिक बोर्ड, प्रोग्रॅमिंग, सेन्सर घालू नका. इंजिनिअरिंगची मुलं नेमकी तिथूनच सुरुवात करतात. कोड महिनाभरात तयार होतो आणि यंत्र पाण्यात टाकलं की एका कुशीवर पडून राहतं. पहिल्या यंत्रात तीन स्विच आणि तीन मोटारी. तोल आणि केबल ही दोन कामं हातात बसली की बाकीचं नंतर चढवता येतं.

वायरलेस का नाही

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, म्हणून इथेच निकालात काढू. ड्रोनच्या रिमोटची किंवा वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात काही सेंटिमीटर गेली की संपते. रिमोटची खेळण्यातली पाणबुडी हौदात वरच्यावर चालते आणि जरा खोल गेली की ऐकत नाही, त्याचं कारण हेच. पाण्याखाली जायचं तर केबल हवीच. शिवाय यंत्र अडकलं तर वर काढण्याचा मार्गही तिच्याच बाजूने जातो.

सामान

पाइप, एल्बो (काटकोनी जोड), टी (तीन तोंडांचा जोड), एंड कॅप (टोपी), पाइप चिकटवायचं सोल्युशन, केबल टाय हे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. एकदम घ्यायचं असेल तर इतवारीत चक्कर मारा. अर्धा इंची पाइपची दहा फुटी नळी एक, एल्बो आठ, टी आठ. दुकानदार "प्लंबिंगचं काम हाय का भाऊ?" असं विचारेल. हो म्हणा. खरं सांगायला गेलात तर अर्धा तास तिथेच जाईल आणि फिटिंग मोजायची राहून जातील.

स्विच, फ्यूज, हीट श्रिंक (तापवल्यावर तारेवर आवळून बसणारी नळी), सोल्डर वायर यासाठी सीताबर्डी. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी यूपीएस दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही दुकानात असते. मोटारी आणि त्यांच्या शाफ्टवर बसणारे छोटे पंखे (प्रॉपेलर) मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतात. कॅमेऱ्यासाठी कारच्या अॅक्सेसरीजच्या दुकानातला रिव्हर्स कॅमेरा आणि त्याचा छोटा स्क्रीन घ्या. सगळं मिळून साधारण पाच-सहा हजारांत बसतं. घरात जुनी बॅटरी असेल तर आणखी कमी.

आता एक मोह टाळा. नागपुरात घरोघरी कूलर आहे, त्यामुळे अडगळीत कूलरचा जुना पंप पडलेला असतोच. आधीच पाण्यात चालणारी मोटार फुकटात मिळतेय असं वाटतं. पण तो पंप २३० व्होल्टवर चालतो. घरची वीज केबलमधून पाण्यात सोडायची नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. एवढंच नाही, यंत्र पाण्यात असताना बॅटरीला चार्जरसुद्धा जोडलेला नको. बॅटरी घरी भरायची, चार्जर घरीच ठेवायचा आणि मग पाण्याकडे निघायचं.

सांगाडा

साधारण ३० सेंटिमीटर लांब, २२ रुंद आणि १८ उंच असा ठोकळा धरा. तीन दिशांना तोंड असलेला कोपरा प्लंबरच्या दुकानात सहसा मिळत नाही, म्हणून युक्ती अशी: एल्बो वापरून दोन उभ्या चौकटी करा, डावी आणि उजवी. प्रत्येक चौकटीच्या वरच्या आणि खालच्या दांडीत दोन-दोन टी बसवा, त्यांची तोंडं आतल्या बाजूला. मग चार आडव्या दांड्यांनी दोन्ही चौकटी जोडा.

सोल्युशन लगेच लावू नका. नुसते ठोकून बसवलेले सांधेही बराच भार घेतात, आणि पुढे मोटारीची जागा बदलावी लागणारच आहे. शेवटी पक्कं करायचं तेव्हाही प्रत्येक सांध्यात एक छोटा स्क्रू मारलेला बरा, तो काढता तरी येतो.

प्रत्येक नळीला वर आणि खाली पाच-सहा मिलिमीटरची भोकं पाडा. पाइप आतून पाण्याने भरला पाहिजे. भोकं नसली तर हवा आत अडकते, बुडबुड्या-बुडबुड्याने बाहेर येते आणि दर दोन मिनिटांनी यंत्राचा तोल बदलतो. नवखा माणूस मग वजनं इकडून तिकडे हलवत बसतो आणि काहीच जुळत नाही.

मोटारी

तीन मोटारी लागतात. दोन मागे, डावी-उजवीकडे, आडव्या. दोन्ही पुढे फिरवल्या की यंत्र पुढे, एक पुढे आणि एक मागे फिरवली की जागच्या जागी वळतं. तिसरी उभी, बरोबर मध्यभागी, वर-खाली करण्यासाठी. मागच्या मोटारी उंचीच्या साधारण मध्यावर बांधा. फार खाली बांधल्या तर पुढे जाताना यंत्र नाक वर करतं, फार वर बांधल्या तर नाक खाली घालतं. मागचे दोन पंखे एकमेकांच्या उलट आट्याचे घ्या, म्हणजे दोघांची पिळवट एकमेकांना मारते आणि यंत्र सरळ जातं.

मोटार म्हणून १२ व्होल्टची साधी ब्रशवाली डीसी मोटार घ्या, पाण्यात पंखा फिरवताना दोन अँपिअरच्या आसपास खाणारी. बोटीतलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची मोटार मिळाली तर उत्तमच, ती मुळात पाण्यासाठीच सील केलेली असते. पण ती महाग, आणि आपल्याकडे दुकानात दिसत नाही. साध्या मोटारीला मेणाचं कवच द्यायचं. हे काम घाईत करू नका, यंत्राचं आयुष्य यावरच ठरतं.

आधी मोटारीच्या दोन टोकांमध्ये '१०४' छापलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. ब्रशच्या ठिणग्यांमुळे कॅमेऱ्याच्या चित्रात पट्टे येतात, ते याने बरेच कमी होतात. मेण ओतल्यावर हा लावता येत नाही. मग तारा सोल्डर करा. मोटारीच्या अंगावर हवेसाठी भोकं असतात, ती सगळी इलेक्ट्रिकल टेपने घट्ट बंद करा. एक जरी उघडं राहिलं तर मेण आत शिरतं आणि मोटार जाम होते.

आता मोटार सैलसर बसेल अशी औषधाच्या गोळ्यांची प्लास्टिकची डबी घ्या. तळाला शाफ्टच्या जाडीचं, अगदी किंचित मोठं भोक पाडा. शाफ्टला आणि भोकाला भरपूर पेट्रोलियम जेली चोपडा. डबीच्या तळाशी थोडं मेण ओता, मोटार दाबून बसवा, शाफ्ट बाहेर आला पाहिजे. मग बाजूने मेण भरा. सगळं एकदम ओतू नका. मेण थंड होताना आकसतं आणि मध्ये खड्डा पडतो, तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळी भरून काढायचा. मेण वितळवताना एका भांड्यात पाणी उकळत ठेवून त्यात दुसरं भांडं बसवा. थेट गॅसवर मेण ठेवलं तर ते पेट घेऊ शकतं. झाकणाला भोक पाडून तारा बाहेर काढा आणि तिथे एम-सील दाबा. मेण गार झाल्यावर शाफ्ट बोटाने फिरवून बघा. पहिल्यांदा जरा जड जाईल, मग सुटेल. तरीही अडकला तर ती डबी गरम पाण्यात धरून मेण मऊ करा आणि मोटार बाहेर काढा.

इथे नागपूरचा उन्हाळा मध्ये येतो. साधं मेण साधारण पन्नास-साठ अंशांच्या दरम्यान वितळतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की उन्हात उभ्या गाडीची डिकी सहज त्या तापमानाला पोचते. तयार यंत्र दुपारी गाडीत ठेवून जेवायला गेलात तर मेण मऊ पडून शाफ्टच्या भोकातून पाझरलेलं दिसेल. यंत्र सावलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून न्या. याच उन्हाचा दुसरा त्रास अरल्डाइटला होतो. दुपारी कालवलेलं मिश्रण डबीतच तापतं आणि लावायच्या आत घट्ट होतं. चिकटवण्याची कामं सकाळी सातच्या आत उरका, आणि एका वेळी थोडंच कालवा.

पंखा लावून मोटार बादलीत बुडवा आणि मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या रेंजवर करंट मोजा. तीन अँपिअरच्या वर जात असेल तर पंखा मोठा आहे, लहान लावा. ड्रोनचे पंखे इथे चालत नाहीत. पाणी हवेच्या आठशे पट घन असतं, ते पंखे मोटारीला श्वासही घेऊ देत नाहीत.

केबल

नेटवर्कच्या कॅट ६ केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. तीन जोड्या तीन मोटारींना, चौथी राखीव. पंधरा मीटर लांबी पुरते.

केबल विकत घेताना ब्लेड जवळ ठेवा. टोकाशी एक तार सोलून तांब्याचा रंग हलकेच खरवडा. आत पांढरं चकचकीत दिसलं तर ती ॲल्युमिनियमची तार आहे, वरून नुसता तांब्याचा मुलामा. स्वस्त केबल बहुतेक अशीच निघते. तिच्यात वीज जास्त वाया जाते आणि दोन-चारदा वाकवली की ती तुटते. पूर्ण तांब्याचीच मागा, आणि शक्यतो एकसंध तारेऐवजी बारीक तारांची गुंफलेली घ्या, ती मऊ राहते. केबलवर गेजचा आकडा छापलेला असतो. आकडा जेवढा मोठा, तेवढी तार बारीक.

थोडा हिशेब करू, कारण पुष्कळ यंत्रं इथेच आडवी होतात. २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०८४ ओहम. पंधरा मीटर जायचं आणि पंधरा मीटर यायचं, म्हणजे तीस मीटर तार, अडीच ओहम. मोटार दोन अँपिअर खात असेल तर पाच व्होल्ट केबलमध्येच गडप होतात. बॅटरी १२ देते, मोटारीला सातच पोचतात. सात व्होल्टवर यंत्र चालतं, पण अंगात जोर नसतो. म्हणून राखीव जोडी उभ्या मोटारीच्या जोडीला समांतर जोडून टाका. तिची गळती निम्म्यावर येते, आणि वर-खाली करण्यालाच सगळ्यात जास्त ताकद लागते.

केबल पाण्यात बुडते आणि यंत्राला मागे खाली ओढते. दर अर्ध्या मीटरवर तिला फोमचे तुकडे बांधा. एसी बसवणारे तांब्याच्या नळीवर जो काळा फोम चढवतात, त्याचे उरलेले तुकडे यासाठी छान. चीर देऊन केबलवर चढवायचे आणि टायने आवळायचे. पाण्यात टाकल्यावर केबल वर उसळायला नको आणि बुडायलाही नको, तेवढेच तुकडे ठेवा. यंत्राजवळचा पहिला दीड-दोन मीटर तर अगदी तरंगत-बुडत असा हवा.

यंत्राच्या टोकाला केबल सांगाड्याच्या मधल्या दांडीला दोन टायने घट्ट बांधा आणि तिथून पुढे सैल वळसा ठेवून मग तारा मोटारींकडे न्या. ओढ बसेल ती सांगाड्याला बसली पाहिजे, सोल्डरच्या जोडाला नाही. प्रत्येक जोड आधी सोल्डर, मग आतून गोंद असलेली हीट श्रिंक. केबलच्या बाहेरच्या आवरणाला कुठे चीर गेली तर पाणी आतून सरकत सरकत थेट जोडापर्यंत पोचतं. म्हणून जिथे आवरण संपून चार जोड्या बाहेर पडतात, ते तोंडही अरल्डाइटने बुजवा.

केबलबरोबर एक नायलॉनची दोरीही सोडा, केबलपेक्षा थोडी आखूड. यंत्र अडकलं तर दोरी ओढायची.

स्विचचा डबा

इलेक्ट्रिशियनचा पीव्हीसी जंक्शन बॉक्स घ्या. त्यात सहा पायांचे, मधोमध बंद राहणारे आणि सोडल्यावर आपोआप मध्ये येणारे तीन स्विच. दुकानात "डीपीडीटी, सेंटर ऑफ, स्प्रिंगवाला" एवढं सांगितलं की कळतं. सहा अँपिअरचे घ्या.

जोडणी अशी: मधल्या दोन पायांना बॅटरीचे धन आणि ऋण. एका टोकाच्या दोन पायांना मोटारीच्या दोन तारा. मग त्या टोकाच्या डाव्या पायापासून दुसऱ्या टोकाच्या उजव्या पायाला एक तार, आणि उजव्यापासून डाव्याला दुसरी, म्हणजे मध्ये फुली होते. खटका एकीकडे दाबला की मोटार सुलट, दुसरीकडे दाबला की उलट. फुलीच्या तारा एकमेकींना कुठे उघड्या टेकत नाहीत ना, हे दोनदा बघा.

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आतच कारमधला १० अँपिअरचा पात्याचा फ्यूज टाका. सात अँपिअर-अवरची बॅटरी तीन मोटारी सतत चालवल्या तर तासभरही पुरणार नाही, पण तिन्ही एकत्र फार वेळ चालत नाहीत, त्यामुळे दुपार निघते.

कॅमेरा

रिव्हर्स कॅमेऱ्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं, ते पावसासाठी. पाच मीटर खाली त्यावर विसंबू नका. त्याला घर करा. शेतीच्या ६३ मिलिमीटर पाइपचा दहा सेंटिमीटरचा तुकडा, पुढे पाच मिलिमीटर जाड अॅक्रिलिकची चकती, मागे एंड कॅप. अॅक्रिलिकच्या पाट्या बनवणारे चकती हव्या त्या मापाची कापून देतात. पाइपची कड आणि चकतीची कड दोन्ही पॉलिश पेपरने खरखरीत करा, नाहीतर अरल्डाइट धरत नाही. पाच मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो जादा दाब असतो, म्हणजे एवढ्याशा चकतीवर पंधरा किलोच्या वर भार. सुदैवाने तो चकतीला पाइपवर आणखी दाबूनच धरतो.

आत ओल राहिली की विहिरीच्या गार पाण्यात काचेवर धुकं धरतं. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या आत टाका. नागपूरचा उन्हाळा एवढ्या एका कामाला चांगला, हवा कोरडी असते. पावसाळ्यात कॅमेऱ्याचं घर बंद करायचं असेल तर एसीच्या खोलीत बसून करा.

कॅमेऱ्यासाठी सीसीटीव्हीवाल्यांची 'थ्री प्लस वन' केबल वापरा. तिच्यात चित्रासाठी एक वेगळी तार आणि विजेसाठी तीन असतात. दोन कॅमेऱ्याला, तिसरी एलईडी दिव्याला. कुठल्याही सीसीटीव्ही बसवणाऱ्याकडे उरलेले तुकडे पडलेले असतात, फक्त पंधरा मीटरचा अखंड तुकडा मागा, मध्ये जोड नको. ही केबल मोटारींच्या केबलला दर हातभर अंतरावर टेपने बांधत जा.

दिवा कॅमेऱ्याला चिकटून लावू नका. गढूळ पाण्यात समोरचे कण उजळतात आणि पडद्यावर नुसतं पांढरं दिसतं. दिवा बाजूला, सांगाड्याच्या कोपऱ्यात, किंचित तिरका ठेवा. आणि सपाट काचेतून पाण्यातली वस्तू आहे त्यापेक्षा पाऊण अंतरावरच दिसते, म्हणून भिंतीशी आपटण्याची भीती पडद्यावर वाटते त्यापेक्षा कमी असते.

पाइपच्या घरात कॅमेरा बसवण्याआधी ते रिकामं घर तपासा. आत टिश्यू पेपरची घडी ठेवा, बंद करा, दगड बांधून रात्रभर भरल्या ड्रमच्या तळाशी सोडा. सकाळी कागद कोरडा असेल तरच पुढे.

तोल

यंत्र तयार झालं, आता ते ताणकाट्याला टांगा आणि भरल्या ड्रममध्ये पूर्ण बुडवा. पाइपमधली हवा निघून जाऊ द्या, सांगाडा थोडा हलवा. काटा जे वजन दाखवेल, तेवढी उचल आपल्याला कमी पडतेय. समजा ५०० ग्रॅम दाखवलं. पाणी एक लिटर सारलं की एक किलो उचल मिळते, म्हणजे आणखी अर्धा लिटर सारायला हवं, शिवाय तरंगीचं स्वतःचं वजन.

तरंगी म्हणून तोच ६३ मिलिमीटर पाइप, दोन्ही टोकांना टोप्या चिकटवून. दर सेंटिमीटरला तो साधारण ३१ मिलिलिटर पाणी सारतो. नऊ-दहा सेंटिमीटरचे दोन तुकडे करा आणि वरच्या बाजूला डावी-उजवीकडे एकेक बांधा. एकच मोठा तुकडा मध्ये बांधला तर यंत्र झुलत राहतं. थर्मोकोलपेक्षा हे बरं, कारण थर्मोकोल खोलीवर दबतो आणि पाणीही पितो.

हवा वर, वजन खाली. या दोघांत जेवढं उभं अंतर, तेवढं यंत्र स्वतःहून सरळ राहतं. खालच्या दांड्यांना वजनं लावा. पंक्चरच्या मोठ्या दुकानात चाकं बॅलन्स करायचे शिशाचे तुकडे असतात, ते पाच-दहा ग्रॅमच्या हिशेबाने लावता येतात. लोखंडी नटबोल्टही चालतात. शिशाला हात लावल्यावर जेवणाआधी साबणाने धुवा, आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीत किंवा विहिरीत उतरवायचं यंत्र असेल तर शिसं नकोच, स्टीलचे बोल्ट लावा.

शेवटी काय हवं? हात सोडल्यावर यंत्र आडवं, सपाट राहून अगदी सावकाश वर यावं. बोटाने खाली ढकललं तर दोन-तीन सेकंदांनी वर. मोटार बंद पडली, तार तुटली, तरी ते आपोआप वर येतं म्हणून उचल किंचित जास्त ठेवायची. नाक खाली जात असेल तर वजन मागे सरकवा, एका अंगाला कलत असेल तर त्या अंगाचं वजन दुसरीकडे. यात अख्खा दिवस गेला तरी हरकत नाही. एक लक्षात ठेवा, तोल केबल जोडलेली असतानाच करायचा.

पाण्यात उतरवताना

आधी बादलीत मोटारी, मग कूलरची टाकी किंवा निळा ड्रम, मग परवानगी मिळाली तर पोहण्याचा तलाव. तिथे पाणी स्वच्छ असतं, चालवायला शिकता येतं. दोन माणसं हवीतच. एक पडदा आणि स्विच बघणार, दुसरा फक्त केबल सांभाळणार. केबल घमेल्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारखी घालून ठेवली की सोडताना पीळ पडत नाही. स्विच सतत दाबून धरू नका. थोडं दाबा, सोडा, यंत्र कुठे सरकतंय ते बघा, मग पुन्हा. तळाजवळ उभी मोटार चालवली की गाळ उडतो आणि पाच मिनिटं काही दिसत नाही. तेव्हा हात बाजूला ठेवून थांबायचं, दुसरा उपाय नाही.

विहिरीवर जाताना मालकाला विचारा, विजेचा पंप मेन स्विचवरून बंद करायला सांगा आणि कुणी चालू करणार नाही याची खात्री करा. कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर वाकून केबल सोडू नका, मागे बसून आडव्या बल्लीवरून सोडा. यंत्र अडकलं तर त्यामागे कुणी उतरायचं नाही. जुन्या विहिरीत तळाशी प्राणवायू कमी असू शकतो, आणि सहा हजारांच्या सामानासाठी तो धोका कुणी घ्यायचा नाही.

शहरातल्या तलावांचं म्हणाल तर फुटाळ्यावर किंवा अंबाझरीवर आधी संबंधित कार्यालयाची परवानगी घ्या. पाणी हिरवं असतं, हातभर अंतरापलीकडे फारसं दिसत नाही. तळाशी जुन्या विसर्जनाच्या मूर्तींच्या तारा आणि काड्या असू शकतात, आणि जलपर्णीची मुळं पंख्यात अडकली की मोटार थांबलीच. गोरेवाडा शहराच्या पाणीपुरवठ्याशी जोडलेला आहे, तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, या दोन्हींचा विचार सोडून द्या. शेततळं सगळ्यात सोयीचं. फक्त कडा प्लास्टिकमुळे घसरड्या असतात, आत पडलेल्याला बाहेर येता येत नाही. काठावर खुंटीला बांधलेली दोरी पाण्यात सोडून ठेवा, आणि यंत्राच्या सांगाड्याला कुठे टोकदार स्क्रू राहिला नाही ना ते बघा, नाहीतर तळ्याचा कागद फाटायचा.

परत आल्यावर यंत्र नळाच्या स्वच्छ पाण्याने धुवा, शाफ्टभोवतीचे केस, शेवाळ, मुळं चिमट्याने काढा, पेट्रोलियम जेली पुन्हा लावा आणि पंख्याखाली वाळवा. उन्हात नको, कारण वर सांगितलंच आहे.

पुढच्या यंत्राकडे

थोड्याच दिवसांत तीस मीटर केबलचा मोह होईल. तसं करण्याआधी मघाचा हिशेब पुन्हा करा. साठ मीटर तार, पाच ओहम, दोन अँपिअरला दहा व्होल्ट गडप. मोटारीला दोनच व्होल्ट उरतात, ती हलणार नाही. जाड तार घेतली तर केबलच इतकी जड होते की यंत्र तिला ओढत बसतं. खोल जायचं तर सहसा बॅटरी यंत्रातच न्यावी लागते आणि केबलमधून नुसते संदेश पाठवावे लागतात. ब्रशलेस मोटारी, बोर्ड आणि प्रोग्रॅमिंग यांची गरज तिथून सुरू होते. तेव्हाही आत्ताचा सांगाडा, तरंग्या आणि केबल बांधायची रीत तीच राहते. फक्त बॅटरी आत आली की वजन वाढतं, ताणकाटा आणि ड्रम पुन्हा बाहेर काढावा लागतो.